टॅपेटचा आवाज थांबला म्हणून खूश होऊ नका! गाडीच्या वॉल्व्हचं दुखणं ओळखायचं कसं?

"सर, एक सांगा. हा टिकटिक आवाज कधी बंद झाला?"

गॅरेजमधल्या बुजुर्ग उस्तादांनी हा प्रश्न विचारला तेव्हा आम्ही चक्रावलो. आम्ही गाडी घेऊन गेलो होतो ती थरथरते म्हणून, सिग्नलला बंद पडते म्हणून, चढाला दम टाकते म्हणून. आणि हे विचारत होते की आवाज बंद कधी झाला!

आमची गाडी सेकंडहँड. चार सिलिंडरची, सात वर्षं जुनी, मागाहून सीएनजी किट बसवलेली. घेतली तेव्हा बॉनेटखालून शिलाई मशीनसारखा बारीक टिकटिक आवाज यायचा. "टॅपेट सेट करून घ्या," असं दोघातिघांनी सांगितलं होतं. आम्ही आज करू, उद्या करू म्हणत राहिलो. काही महिन्यांनी आवाज आपोआप कमी झाला आणि एक दिवस बंदच पडला. घरात सगळे खूश. खर्च वाचला!

पुढच्या सहा महिन्यांत जे झालं ते अनेक घरांत होतं. एका गॅरेजमध्ये आधी प्लग बदलले, मग कॉइल बदलली, मग इंजेक्टर साफ झाले. प्रत्येक वेळी चार दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच. शेवटी सांगण्यात आलं, "फुल इंजिन करावं लागेल." त्याच महिन्यात मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती. फुल इंजिनचा आकडा ऐकून घरात दोन दिवस कोणी धड जेवलं नाही. म्हणून दुसरा मशवरा घ्यायला आम्ही या उस्तादांकडे गेलो. त्यांनी एका वाक्यात सगळं सांगितलं: "ढिला वॉल्व्ह ओरडतो, पण चालतो. टाइट वॉल्व्ह गप्प बसतो आणि जळतो."

ही गोष्ट आम्हाला सहा महिने आधी कळली असती तर किती बरं झालं असतं. तुम्हाला ती वेळेवर कळावी, म्हणून हा लेख. आपण इथे पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांबद्दलच बोलणार आहोत.

वॉल्व्ह करतो काय?

गॅरेजात ज्याला 'वॉल' म्हणतात तो वॉल्व्ह दिसायला छत्रीसारखा असतो. लांब दांडी आणि खाली गोल, चपटी टोपी. इंजिनच्या वरच्या भागात, म्हणजे हेडमध्ये, तो बसवलेला असतो. एक वॉल्व्ह हवा आणि इंधन आत घेतो, तो इनटेक. दुसरा जळालेला धूर बाहेर सोडतो, तो एक्झॉस्ट. आजच्या बहुतेक गाड्यांत एका सिलिंडरला चार वॉल्व्ह असतात, दोन आत घेणारे आणि दोन बाहेर सोडणारे. म्हणजे चार सिलिंडरच्या गाडीत १६ आणि तीन सिलिंडरच्या गाडीत १२.

स्वयंपाकघरातला कुकर आठवा. झाकणाची रबरी रिंग जरा जरी सैल झाली तरी वाफ बाजूने निघून जाते, शिट्टी होत नाही आणि डाळ शिजत नाही. इंजिनचंही तसंच आहे. पिस्टन वर येतो तेव्हा दोन्ही बाजूंचे वॉल्व्ह घट्ट बंद हवेत. तरच हवा-इंधन दाबलं जातं, ठिणगी पडल्यावर जोरात जळतं आणि गाडीला ताकद मिळते. या दाबाला कॉम्प्रेशन म्हणतात. वॉल्व्ह गळका झाला की कॉम्प्रेशन गेलं आणि त्या सिलिंडरचं काम थांबलं.

आता या बिचाऱ्याची मेहनत बघा. इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल तर प्रत्येक वॉल्व्ह मिनिटाला १५०० वेळा उघडतो आणि मिटतो. म्हणजे सेकंदाला २५ वेळा. हायवेवर एक तास असं चाललात तर एकेका वॉल्व्हची ९०,००० वेळा उघडझाप झाली. त्यात एक्झॉस्ट वॉल्व्ह आगीतच उभा असतो. जोरात चालणाऱ्या इंजिनात त्याची टोपी ७००-८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते.

मग तो वितळत कसा नाही? कारण मिटल्यावर तो आपल्या सीटवर, म्हणजे हेडमधल्या धातूच्या कड्यावर, घट्ट टेकतो. अंगातल्या उष्णतेचा मोठा भाग तो त्या क्षणी सीटला देऊन टाकतो. हे टेकणं म्हणजेच त्याचा आराम. दोन पाळ्यांच्या मध्ये कामगाराने भिंतीला पाठ टेकावी, तसं. हा आराम मिळाला नाही की वॉल्व्ह जळायला लागतो.

आवाज थांबणं वाईट का?

वॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यात मुद्दाम एक बारीकशी फट ठेवलेली असते. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या हिशोबात मोजावी इतकी बारीक. धातू तापल्यावर वाढतो, त्या वाढीला जागा मिळावी म्हणून ती असते. ही फट जुळवणं म्हणजेच 'टॅपेट सेटिंग'.

फट वाढली तर भाग एकमेकांवर आपटतात आणि टिकटिक ऐकू येते. इंजिनचा जोर वाढवला की टिकटिकही जलद होते. हा आवाज त्रासदायक असतो, पण निदान तो तुम्हाला सावध करतो.

फट कमी झाली तर काहीच ऐकू येत नाही. वॉल्व्ह वापराने हळूहळू सीटमध्ये रुतत जातो, दांडी वर सरकते आणि फट संपते. मग वॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही, केसाएवढा उघडा राहतो. सीटवर टेकला नाही म्हणून थंड होत नाही. त्या बारीक फटीतून आगीचा झोत जातो आणि कड जळून खाच पडते. आमच्या गाडीत हेच झालं होतं. आवाज गेला, म्हणजे दुखणं सुरू झालं होतं.

काही गाड्यांत तेलाच्या दाबावर फट आपोआप जुळवणारे हायड्रॉलिक टॅपेट असतात. त्यात सकाळी स्टार्ट केल्यावर दोन-चार सेकंद टिकटिक झाली आणि थांबली तर घाबरण्याचं कारण नाही. आवाज सुरूच राहिला तर मात्र आधी डिपस्टिक काढून इंजिन ऑइल बघा. तेल कमी किंवा फारच जुनं असलं तरी टॅपेट वाजतात. तुमच्या गाडीत कोणती पद्धत आहे ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, नाहीतर मेकॅनिकला विचारा.

घरबसल्या ओळखता येणाऱ्या खुणा

पहिली खूण: उभी गाडी थरथरते, चालती गाडी बरी वाटते. सिग्नलला गाडी एका लयीत हादरते, स्टिअरिंगवर झटके जाणवतात. याला गाडी 'मिसिंग मारते' म्हणतात. अॅक्सिलेटर दाबला की थरथर कमी होते. इंजिन हळू फिरत असताना गळक्या वॉल्व्हमधून दाब निघून जायला जास्त वेळ मिळतो, वेगात तेवढा वेळ मिळत नाही. म्हणून हायवेवर गाडी ठीक वाटते आणि आपण दुर्लक्ष करतो.

दुसरी खूण: थंड इंजिन लवकर उठत नाही. सेल मारत राहावा लागतो, उठली तरी पहिली काही मिनिटं गाडी अडखळते. बॅटरी चांगली आहे, प्लग नवे आहेत आणि तरी रोज सकाळी हाच त्रास असेल तर टॅपेट टाइट झालेत का हे तपासायला सांगा.

तिसरी खूण: पिकअप गेला, अॅव्हरेज पडला. जो चढ आधी तिसऱ्या गिअरवर सहज जायचा तिथे दुसरा टाकावा लागतो. एक सिलिंडर फुकटचा प्रवासी झाला की बाकीच्यांवर भार पडणारच.

चौथी खूण: फटफट आणि फुसफुस. एअर फिल्टरच्या बाजूने 'फट्' असा आवाज आला तर संशय इनटेक वॉल्व्हवर. सायलेन्सरमधून एकसारख्या धक्क्यांऐवजी मध्येच 'फुस्स' असा तुटलेला आवाज येत असेल तर संशय एक्झॉस्टवर. जुने मेकॅनिक एक सोपी युक्ती करतात. गाडी चालू ठेवून सायलेन्सरच्या तोंडाजवळ कागदाची पट्टी धरायची. निरोगी इंजिन कागदाला एकसारखं बाहेर ढकलतं. एक्झॉस्ट वॉल्व्ह जळालेला असेल तर कागद मधूनमधून आत ओढला जातो. हा प्रयोग मोकळ्या जागेतच करा. बंद शेडमध्ये नको, तो धूर जीवघेणा असतो. सायलेन्सरला हात लावू नका आणि मुलांना लांब ठेवा.

पाचवी खूण: निळा धूर, तोही ठराविक वेळी. वॉल्व्हच्या दांडीवर एक छोटं रबरी सील असतं. ते कडक झालं की वरचं ऑइल दांडीवरून खाली झिरपतं. रात्रभर गाडी उभी राहिली की सकाळच्या पहिल्या स्टार्टला निळसर धुराचा एक लोट निघतो आणि मग धूर थांबतो. किंवा असं बघा: कराडहून चिपळूणला येताना कुंभार्ली घाट उतरताय. गाडी गिअरमध्ये आहे, अॅक्सिलेटरवर पाय नाही. अशा वेळी इंजिन जोरात आत ओढतं आणि सैल सीलमधून ऑइल आत येतं. घाट संपून तुम्ही अॅक्सिलेटर दाबता आणि मागच्या गाडीवाल्याला निळा ढग दिसतो. ही सीलची खूण. गाडी जोर लावत असताना सतत निळा धूर येत असेल तर पिस्टन रिंगकडे लक्ष द्यावं लागेल. हा फरक लक्षात ठेवा. सील बदलणं तुलनेने छोटं काम आहे, रिंगचं काम मोठं. थंडीतल्या सकाळची पांढरी वाफ मात्र साधी पाण्याची वाफ असते. गाडी गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर सुरूच राहिला आणि कूलंट कमी होत असेल तर ते हेड पॅकिंगचं दुखणं असू शकतं.

सहावी खूण: इंजिनचा पिवळा दिवा. दिवा एकसारखा पेटला तर लवकर दाखवून घ्या. तो उघडझाप करत असेल तर गाडी जोरात पळवू नका, जमेल तेवढ्या लवकर सुरक्षित जागी थांबवा. न जळलेलं इंधन सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो महागडा भाग निकामी करतं. स्कॅनर लावल्यावर पी ०३०१ ते पी ०३०४ असा कोड आला तर शेवटचा आकडा कोणतं सिलिंडर मिसिंग मारतंय ते सांगतो. पण लक्षात घ्या, कोड फक्त सिलिंडर सांगतो, कारण सांगत नाही.

गॅरेजमध्ये काय विचारावं?

वरच्या खुणांपैकी बऱ्याच खुणा खराब प्लग, कॉइल किंवा इंजेक्टरमुळेही दिसतात. म्हणून अंदाजाने पार्ट बदलत बसण्याऐवजी क्रमाने तपासणी करून घ्यावी. आम्ही वर्गात मुलांना सांगतो, आधी गणित नीट वाचा, मग सोडवा. इथेही तेच.

सुरुवात फुकटच्या तपासणीने करा. संशय असलेल्या सिलिंडरची कॉइल आणि प्लग शेजारच्या सिलिंडरला लावायला सांगा. मिसिंग त्यांच्याबरोबर तिकडे गेलं तर दोष कॉइलचा किंवा प्लगचा. जिथे होतं तिथेच राहिलं तर पुढे शोधा. सीएनजी गाडी असेल तर पेट्रोलवर चालवून बघा. सीएनजी पेटवायला ठिणगी जास्त जोरदार लागते, म्हणून कमजोर प्लगची तक्रार आधी गॅसवर दिसते. दोन्ही इंधनांवर सारखंच मिसिंग असेल तर वॉल्व्हचा संशय वाढतो.

मग कॉम्प्रेशन टेस्ट मागा. प्लग काढून त्या जागी मीटर लावतात आणि प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतात. नेमका आकडा गाडीनुसार बदलतो, पण सगळ्या सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. आमच्या गाडीत तीन सिलिंडर १७०च्या आसपास होते आणि तिसऱ्या नंबरचं ९० वर.

आता खरी गंमत. उस्तादांनी त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकलं आणि पुन्हा मोजलं. ऑइल पिस्टनच्या कडेने बसतं आणि रिंगची गळती थोडा वेळ बंद करतं. आकडा चांगला वाढला असता तर दोष रिंगचा. आमचा आकडा जवळपास तिथेच राहिला. म्हणजे गळती खाली नव्हती, वर होती. दोष वॉल्व्हचा होता.

ज्या गॅरेजमध्ये हवेचा कॉम्प्रेसर आहे तिथे लीक टेस्टही होते. दोन्ही बाजूंचे वॉल्व्ह बंद असतील अशा स्थितीत इंजिन आणून सिलिंडरमध्ये हवा भरतात आणि कान देऊन ऐकतात. सायलेन्सरमधून सूंऽ ऐकू आलं तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, एअर फिल्टरच्या बाजूने आलं तर इनटेक, ऑइल भरायच्या तोंडातून जोरात आलं तर रिंग.

या तपासण्यांशिवाय कोणी 'फुल इंजिन' म्हणालं तर अदबीने एवढंच विचारा, "कॉम्प्रेशन किती आलं? ऑइल टाकून मोजलं का?" उत्तर लिहून घ्या. यात भांडण नाही, अविश्वास नाही. चांगल्या कारागिराला असा प्रश्न आवडतोच.

दुखणं येऊच नये म्हणून

इंजिन ऑइल वेळेवर बदला. वॉल्व्हच्या दांडीला आणि टॅपेटला तेवढाच आधार असतो.

गाडी गरम झाली, काटा लाल पट्ट्याकडे गेला, तर "घर जवळच आहे" म्हणून रेटू नका. एकदा इंजिन जास्त तापलं तर हेड वाकू शकतं, सीटची पकड बिघडू शकते.

सीएनजीवाल्यांनी जास्त जागरूक राहावं. पेट्रोल थेंबांच्या रूपात येतं आणि वाफ होताना थोडी उष्णता शोषून घेतं. सीएनजी कोरडाच येतो, त्यामुळे वॉल्व्ह आणि सीट लवकर झिजतात. कंपनीकडूनच सीएनजीसह आलेल्या गाड्यांत वॉल्व्ह आणि सीट या इंधनासाठी जास्त टणक बनवतात. मागाहून किट बसवलेल्या जुन्या इंजिनात तशी सोय असेलच असं नाही. म्हणून आवाज असो वा नसो, पुस्तकात दिलेल्या किलोमीटरला टॅपेटची फट मोजून घ्या. आवाज नाही म्हणून तपासणी टाळणं, हीच आमची चूक होती.

ज्या इंजिनात टायमिंग बेल्ट आहे तिथे तो ठरलेल्या मुदतीत बदलाच. बेल्ट तुटला तर अनेक इंजिनांत पिस्टन उघड्या वॉल्व्हवर आदळतो आणि ते एका क्षणात वाकतात. त्याआधी कुठलीही खूण मिळेलच असं नाही.

जुनी गाडी घेताना आणि विकताना

आपल्यापैकी अनेक घरांत पहिली गाडी सेकंडहँडच येते, कित्येकदा दागिना मोडून किंवा भिशीचा नंबर लागल्यावर. ती बघायला सकाळी जा आणि आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागला तर गाडी तुमच्या येण्याआधी स्टार्ट करून ठेवली आहे. अशा वेळी थंड इंजिनचा त्रास आणि पहिल्या स्टार्टचा धूर दिसणारच नाही. "थंड झाल्यावर पुन्हा येतो" म्हणायला लाजू नका. स्टार्ट करताना एकाला सायलेन्सरकडे उभं करा. एसी लावून गाडी पाच मिनिटं उभी चालू ठेवा, थरथर बघा. उतारावर पाय काढून पुन्हा अॅक्सिलेटर दाबा आणि आरशात मागे धूर दिसतो का ते पाहा. सौदा पक्का होण्याआधी कॉम्प्रेशन टेस्टचा खर्च स्वतः करा. तो खर्च वाया जात नाही.

आणि विकणारे आपण असू तर? जाड ऑइल टाकून टॅपेटचा आवाज दाबायचा, स्कॅनरने दिवा घालवायचा आणि "एकदम मक्खन गाडी" म्हणून द्यायची, असे सल्ले देणारे भेटतात. मालातला ऐब लपवून विकू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. गाडीही मालच आहे. समोरच्यानेही आपल्यासारखीच पै पै जोडलेली असते. ऐब सांगा, तेवढी किंमत कमी करा.

आमच्या गाडीचं फुल इंजिन करावं लागलं नाही. हेड उतरवलं, एक जळालेला एक्झॉस्ट वॉल्व्ह बदलला, बाकीच्यांचं ग्राइंडिंग झालं, सगळी सील नवी टाकली आणि टॅपेट मापात आणले. खर्च झालाच, पण आधी सांगितलेल्या आकड्याच्या जवळपासही नाही. मुलीची फी वेळेवर भरली गेली.

गाडी ताब्यात देताना उस्तादांनी बॉनेट उघडून आम्हाला जवळ बोलावलं. "ऐका." आतून अगदी हलका, एकसारखा टिकटिक आवाज येत होता. आम्ही काळजीने त्यांच्याकडे पाहिलं, तर ते हसले. "राहू द्या. एवढा आवाज हवाच. हा बंद झाला, की मात्र लगेच माझ्याकडे या."